ओझंवाले आले हो!

आमचा सगळा धंदा बंद दाराआड चालतो. खोली रिकामी करायची, खिडक्या-दारांच्या फटींना टेप मारायची, मशीन लावायचं आणि बाहेर येऊन बसायचं. काम मशीन करतं, आम्ही नुसते बसतो. आता रिकाम्या बसलेल्या माणसाभोवती साठणार काय? किस्से! माळ्यावर जुनं सामान साठावं तसे साठत गेले. चहाला बसलो की एखादा निघतो, त्याच्यामागून दुसरा. मित्र म्हणतात, लिहून काढ. म्हटलं काढतो, पण हसायचं ते माझ्यासमोर हसा, मिलिंदसमोर नको.

तर आम्ही तिघं. मी संजू. मिलिंद माझा पार्टनर, म्हणजे डोकं त्याचं आणि तोंड माझं. तिसरे रघोनाना, आमच्या गाडीचे ड्रायव्हर. पिंपळनेरकडचे, बोलणं अस्सल अहिराणी, ‘सगळं’ला ‘बठ्ठं’ आणि ‘आहे’ला ‘शे’, आणि आवाज असा की गाडीचा हॉर्न बिघडला तेव्हा महिनाभर कुणाच्या लक्षातच आलं नाही. ऑफिस जळगावात, कामं भुसावळपासून धुळ्यापर्यंत. करोनात अँब्युलन्स आणि दवाखाने करत होतो. करोना गेला, आम्ही राहिलो. लॉज, गाड्या, हॉल, गोदामं, जिथे कोंडलेली हवा कुबट होते तिथे आमची ओझोन मशीन.

या तिघांच्या मंडळात एकच प्रश्न कायम अजेंड्यावर असतो, तो म्हणजे मिलिंदचं लग्न. पोरगा पस्तिशीला टेकलाय. शिकलेला, निर्व्यसनी, स्वभावाने गरीब गाय. पण स्थळ आलं की अडतं ते नेमकं मशीनपाशी. सरकारी नोकरी असती तर एका शब्दात सांगता आली असती. ओझोन एका शब्दात सांगता येत नाही ना! त्याची आई, माई, मला रोज सकाळी फोन करते. "संजू, बघ रे बाबा कुठे. मी आहे तोवर होऊ दे." मी म्हणतो, "बघतोय माई," आणि खरंच बघत असतो.

*

मिलिंदने गिऱ्हाइकांना समजावण्यासाठी एक युक्ती काढली होती. भुसावळच्या एका लॉजवाल्यांना तो सांगत होता, मी शेजारीच होतो.

"काका, हवेतला ऑक्सिजन म्हणजे जोडपं. दोन अणू, नवरा-बायको. सुखाने नांदत असतात. आपलं मशीन हवा आत ओढतं आणि तिच्यात हाय व्होल्टेजची ठिणगी पाडतं. आकाशात वीज कडाडते ना, तेच डब्यात. त्या ठिणगीने काही जोडपी तुटतात. मग सुटे झालेले अणू दुसऱ्या जोडप्यांच्या घरात घुसतात. झाले तिघं! हाच ओझोन. आता तिसरा पाव्हणा घरात टिकतो का? त्याला चैन पडत नाही. जंतू दिसला, बुरशी दिसली, सिगरेटचा वास दिसला, की हा जोडप्याला सोडून त्याच्या अंगावर उडी घेतो. त्याला जाळतो, स्वतःही संपतो. मागे राहतं कोण? जोडपं! पुन्हा साधा ऑक्सिजन."

काका मन लावून ऐकत होते. मग चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "तुमचं लग्न झालंय?"

"नाही."

"तरीच!"

*

यावलला एका घरी धान्याच्या खोलीला कुबट वास येत होता. मुलाने पुण्याहून आमचं बुकिंग केलं आणि घरी आक्कांना फोनवर सांगितलं, "आई, उद्या ओझोनवाले येतील." आक्कांना ऐकू थोडं कमी येतं.

आम्ही दारात पाऊल टाकलं तर आक्का गल्लीला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "ओझंवाले आले हो!"

पुढचा अर्धा तास आम्ही गव्हाच्या गोण्या वाहत होतो. मिलिंदला वाटलं, खोली रिकामी करायचीच आहे, आक्का मदतच करतायत. मला वाटलं, मिलिंदला माहीत असेल. गहू झाला, ज्वारी झाली, मग आक्कांनी शेजारच्या खोलीतलं लोखंडी कपाटही दाखवलं. तेव्हा कुठे मिलिंदने विचारलं, "आक्का, मशीन कुठे लावू?"

आक्कांनी आम्हा दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मशीन कशाले लागते रे? तुमी दोघं चांगले धट्टेकट्टे तर आहे!"

*

आता ज्या किश्श्यावर मिलिंद अजूनही चिडतो, तो सांगतो.

चाळीसगावचं स्थळ. मुलगी बी.एड. झालेली, पत्रिका-बित्रिकेची भानगड नाही, माणसं साधी. मिलिंदबरोबर मी आणि गाडी चालवायला नाना. पोहे झाले, चहा झाला. मुलीचे मामा खाकरले आणि त्यांनी तो प्रश्न विचारला. "मुलगा करतो काय?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात मला ठसका लागला. पोह्यातली मिरची, दुसरं काय! मिलिंद लाजून चहाच्या कपात बघत बसलेला. नानांना वाटलं, आपलं माणूस अडचणीत आहे, आता आपणच पुढे व्हायला पाहिजे.

"पोऱ्या सोना शे सोना!" नाना म्हणाले. "बंद खोली मा काम करस. बठ्ठासले भायेर काढस, दार लाई लेस, आनि मंग गॅस सोडस!"

आतल्या खोलीतून कुणीतरी फिसकन हसलं. मामांनी डोळे मिटले. मिलिंदने कप खाली ठेवला, आणि त्याच्याकडे बघून मला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं की काय सांगू.

परतीची अर्धी वाट सरली. मग नानाच बोलले. "मी काय खोटं सांगं का?"

*

गिऱ्हाइकाला आमच्या कामात एकच गोष्ट पटत नाही. काम चांगलं झालं की मागे कसलाच वास राहत नाही. आपल्याकडे स्वच्छ म्हणजे वास! फिनेल नाहीतर डांबरगोळी, गेला बाजार उदबत्ती तरी.

धुळ्याला एका मंगल कार्यालयाच्या खोल्या केल्या. पावसाळ्यात गाद्यांना असा दर्प यायचा की वऱ्हाडी व्हरांड्यात झोपायचे. आम्ही काम केलं, सगळं उघडून वारा खेळवला. मॅनेजर आत जाऊन नाक वर करून फिरला आणि तोंड वाकडं करून बाहेर आला.

"काही वास तर येत नाही."

"तेच तर काम आहे आमचं!" मी म्हटलं.

"अहो पण साफ झालं कशावरून?"

मिलिंद त्याला जंतू, बुरशी, पीपीएम असं सगळं सांगायला लागला. तो जितकं सांगे तितका मॅनेजरचा चेहरा पडत चालला. नाना मुकाट्याने गाडीपाशी गेले, डॅशबोर्डवरच्या देवाच्या पुढ्यातल्या दोन उदबत्त्या आणल्या आणि खोलीत लावल्या.

मॅनेजरने छाती भरून श्वास घेतला. "हां! आता कसं साफ वाटतंय!"

तेव्हापासून उदबत्तीचा पुडा आमच्या किटमध्ये असतो. मिलिंदला ते मान्य नाही.

*

नानांचीही एकदा खोड मोडली बरं का. बाहेर चाललेल्या आमच्या बडबडीतून त्यांनी एवढंच उचललं होतं की मशीन जंतू मारतं. एकदा त्यांनी गुपचूप आपला डबा उघडून मशीनशेजारी ठेवला. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकर आणि घरचा ठेचा, लसूण घालून खलबत्त्यात कुटलेला. त्यांना वाटलं, फुकटात निर्जंतुक!

दुपारी जेवायला बसलो. नानांनी ठेचा नाकाजवळ नेला. पुन्हा नेला. त्यांचा चेहरा असा झाला की जणू घरातलं कुणी गेल्याची बातमी आली असावी.

"ठेचाना वास गया भो! आते खाईसन काय फायदा!"

*

आता आमच्या नामुष्कीचा किस्सा. यावलचेच तात्या, केळीचे व्यापारी. त्यांच्याकडे केळी पिकवायचं चेंबर आहे. बंद, थंड खोली. आत हिरवी केळी लावायची आणि इथिलिन वायू सोडायचा, मग माल एकसारखा पिवळा होतो. चेंबरच्या भिंतींना बुरशी धरली म्हणून आम्हाला बोलावलं.

मिलिंदने फोनवर दोनदा बजावलं होतं, "तात्या, आत जिवंत काही ठेवू नका."

आम्ही काम करून आलो. दोन दिवसांनी तात्यांचा फोन. "मिलिंदभाऊ, केयी पिकून नाही राहिली!"

"कुठली केळी?"

"चेंबरमधली. तुमी मशीन लावलं तव्हा मांगच्या बाजूले ताडपत्रीखाली होती. सकाळीच गॅस दिला होता तिले."

मिलिंद मट्कन खाली बसला. त्या तिसऱ्या पाव्हण्याला इथिलिनही चालतं ना! तात्यांचा गॅस आमच्या गॅसने खाऊन टाकला होता, आणि केळी आपली हिरवीगार, जशीच्या तशी.

"तात्या, म्हटलं होतं ना, जिवंत काही ठेवू नका!"

"अहो, केयी काय जिवंत असते?"

"असते तात्या! ती श्वास घेते!"

तात्यांनी आयुष्यभर केळी विकली होती, त्यांच्या मनाला हे लागलं असावं. आम्ही दिलगिरी व्यक्त केली, तात्यांनी पुन्हा गॅस दिला, माल दोन दिवस उशिरा का होईना पिकला. आम्हाला वाटलं, हे गिऱ्हाईक तुटलं.

आठवड्याने तात्या स्वतः ऑफिसात हजर. "भो, माल लांब पाठवायचा आहे. रस्त्यात पिकू नये म्हणून तुमची ती हवा लावता येईल का?"

मिलिंदचा चेहरा उजळला. तो कागद-पेन घेऊन हिशोब मांडायला लागला. किती खोली, किती वेळ, किती ओलावा. तात्या त्याच्याकडे बघत होते. जाता जाता दारात थांबले.

"पोरा, केयीले थांबवता येतं. वयाले नाही येत. लग्न करून घे."

*

वरणगावचा किस्सा लहान आहे, पण मला फार आवडतो. तिथे मोठी फॅक्टरी आहे, दारूगोळ्याची. धडाडधूम आवाज झाला तरी गावात कुणी मान वळवत नाही.

एका छोट्या एसी हॉलमध्ये एका पोराचा पहिला वाढदिवस. पोर दम्याचं, म्हणून घरच्यांनी दुपारीच हॉल आमच्याकडून साफ करून घ्यायचं ठरवलं. आम्ही दाराच्या काचेतून अंधारात टॉर्च मारून माणूस नाही एवढं पाहिलं, मशीन दाराच्या आत सरकवून सुरू केलं आणि बाहेर बसलो. हॉलवाल्याने सकाळीच छतभर फुगे लावून ठेवलेत, हे आम्ही वर मान करून पाहिलंच नाही. आणि ओझोनचं रबराशी हाडवैर! ताणलेलं रबर तर तो सोडतच नाही.

थोड्या वेळाने आतून, फट्! मग फट् फट्! मग नुसती लाही फुटावी तसं सुरू झालं. मिलिंद पांढराफटक. पोराची आई रडकुंडीला आली. हॉलवाला पळत आला आणि आमच्यावरच ओरडला, "तुम्ही म्हणालात माणसं नकोत! फुगे माणसं आहेत का?"

या सगळ्या गोंधळात पोराचे आजोबा खुर्चीत शांत बसून होते. फॅक्टरीतून रिटायर झालेले. त्यांनी एका कानामागे हात धरला, दोन-चार बार नीट ऐकले आणि मान हलवली.

"छे! हा आपल्याकडचा माल नाही. आपला आवाज इतका फुसका नसतो!"

*

आणि आता हा धुळ्याचा.

देवपूर भागात एक अभ्यासिका. तलाठी भरती, पोलीस भरती, झालंच तर एमपीएससी, असल्या परीक्षांची पोरंपोरी दिवसभर तिथे बसतात. वरच्या मजल्यावर एकच लांब एसी खोली, लाकडी कप्पे, खिडक्या बंद. आत पन्नास जणांचे बूट, मोजे आणि काळजी. दार उघडलं की डोळ्यांत पाणी यायचं!

अभ्यासिका चालवते प्रज्ञा. तिने स्वतः काही वर्षं परीक्षा दिल्या, दोनदा मुलाखतीपर्यंत गेली, मग एक दिवस पुस्तकं त्याच कप्प्यांत लावून दुसऱ्यांसाठी दार उघडलं. खालच्या मजल्यावर ती आणि वडील. वडील, अण्णा, निवृत्त शिक्षक. आम्ही गेलो तर त्यांनी दारातच "जय भीम" केला, मिलिंदनेही घरच्या सवयीने केला, आणि माझ्या कानात उगाच माईंचा सकाळचा फोन वाजला.

पोरं बाहेर निघायला तयार नव्हती. एकजण म्हणाला, "मॅडम, पेपर तोंडावर आलाय!"

"श्वास चालू राहिला तर पेपर देशील ना? चल, ऊठ!" प्रज्ञा म्हणाली. मिलिंद हसला. तो गिऱ्हाइकाकडे कधी हसत नाही.

पोरं समोरच्या चहाच्या टपरीवर गेली, नाना त्यांच्याबरोबर. मिलिंदने फटींना टेप मारली, मशीन सुरू केलं. अण्णा खाली पेपर वाचत बसले. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर. मिलिंद वर दारापाशी, आणि प्रज्ञा त्याच्यापासून दोन पायऱ्या सोडून.

तिने विचारलं, "हे चालतं कसं?" त्याने सांगितलं. लोक इथे "असं होय" म्हणतात आणि फोन काढतात. तिने पुढचं विचारलं. मग त्याच्या पुढचं. लाकडाच्या आत जातो का, पुस्तकांच्या शाईचं काय होतं, दमट दिवशी जास्त वेळ का लागतो. मिलिंद बोलत सुटला. इतक्या वर्षांत मी त्याला सलग एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. नंतर मशीनचं बोलणं संपलं आणि तरी दोघं बोलतच होती. मुलाखतीत तिला काय विचारलं होतं ते तिने सांगितलं. त्याला चाळीसगावला काय विचारलं होतं ते त्याने सांगितलं. नानांच्या उत्तरासकट! ती इतकी हसली की अण्णांनी खालून पेपर बाजूला करून वर बघितलं.

मशीन बंद झालं. त्यानंतर हवा पुन्हा साधी होईपर्यंत थांबावं लागतं. ओझोनला एक तिखट वास असतो, झेरॉक्स मशीनजवळ येतो तसला. आतल्या हवेचा आकडा बाहेर दाखवणारा मीटर आहे आमच्याकडे, तो उतरल्याशिवाय दार उघडत नाही. पण त्यानंतर मिलिंद टेपचं टोक उचलून फटीला नाक लावतो, आणि त्याचं नाक म्हणजे शेवटचा शब्द. जरा जरी वास आला तरी आत कुणी जायचं नाही.

मी मीटर बघितला. शून्य. मिलिंदने नाक लावलं.

"अजून आहे थोडा," तो म्हणाला.

बरं, आहे तर आहे. थांबलो. अर्ध्या तासाने पोरं जिन्याच्या तोंडाशी आली. "मॅडम, येऊ का?"

मिलिंदने पुन्हा वास घेतला. "नाही अजून."

"बघू," प्रज्ञा म्हणाली. तिने नाक लावलं. "हो की. चांगलाच येतोय."

मी पुन्हा मीटर बघितला. मीटर हातावर आपटूनही बघितला. शून्य म्हणजे शून्य! ऊन उतरलं. पोरं वैतागली, एकाने फुटपाथवरच पुस्तक उघडलं. वर दोघांचं आपलं चालूच. शेवटी नानांचा धीर सुटला. दाणदाण पायऱ्या चढून ते वर गेले, मिलिंदला बाजूला सारलं, टेप ओढून काढली, दार उघडून सबंध डोकं आत घातलं आणि मोठ्याने श्वास घेतला.

मी पायऱ्या चढत खुणा केल्या, डोळे वटारले. नानांना खुणा कळत असत्या तर मिलिंदला एव्हाना दोन पोरं असती.

"माले ते काही वास येस नही!" सबंध देवपूरला ऐकू गेलं. "बठ्ठं साफ शे! चला रे, बठ्ठा वर या!"

मिलिंद कानापर्यंत लाल झाला. प्रज्ञा पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागली. पोरं धडाधड जिना चढायला निघाली आणि तेवढ्यात मागून अण्णांचा शाळेतला आवाज आला. "थांबा!"

अण्णा कठडा धरून सावकाश वर आले. पोरांनी वाट दिली. त्यांनी दाराशी वाकून वास घेतला. मुलीकडे बघितलं. मिलिंदकडे जरा जास्त वेळ बघितलं.

मग त्यांनी दार ओढून घेतलं, लोंबणारी टेप उचलली आणि अंगठ्याने दाबत दाबत वरपासून खालपर्यंत पुन्हा चिकटवली.

"नाना," ते म्हणाले, "तुम्हाला सर्दी झालेली दिसते."